पहिल्या गाण्याच्या आधी

मकसूदच्या रेकॉर्डिंगच्या दुकानाला नाव होतं, नावाचा बोर्डही होता, फक्त तो कुणाला दिसत नसे. लातुरातली आमची गल्ली क्लासेसची. निकाल लागले की क्लासवाले मिळेल त्या खिळ्याला फ्लेक्स टांगतात, आणि गल्लीतला सगळ्यात मजबूत खिळा मकसूदच्या बोर्डाचा. त्यामुळे बारा महिने कुणीतरी होऊ घातलेला डॉक्टर त्या बोर्डावर दात दाखवत उभा असायचा. दरवर्षी पोरगा बदलायचा, बोर्ड मात्र झाकलेलाच. माझं झेरॉक्सचं दुकान त्याला लागून, आणि चिडणं हा माझा जोडधंदा आहे असं आमच्या घरात म्हणतात. मी चिडायचो. मकसूद म्हणायचा, "राहू द्या व्यंकटराव. ज्याला यायचंय त्याला रस्ता ठाऊक हाय."

ते खोटं नव्हतं. त्याच्याकडे बोर्ड वाचून कुणी येतच नसे. कुणी किनवटच्या वसतिगृहात शिकून आलेली, कुणी जळकोट-रेणापूरची, अशी पोरं यायची ती मोबाइलमध्ये लेक्चरं भरून घ्यायला. फिजिक्सच्या एका सरांनी आपली सगळी लेक्चरं सीड्यांवर काढली होती आणि पोरांच्या खोलीत सीडी लावायला काही नसायचं. खोलीत गाद्या, पुस्तकं आणि बादली, एवढाच संसार. मग सरांनीच सांगून टाकलं, की त्या मकसूदकडे जा, तो सीडीतला आवाज काढून मोबाइलमध्ये घालून देतो.

दुसरी माणसं यायची ती खेड्यांतली, वयस्कर. ती पिशवीतून एखादी जुनी सीडी काढायची आणि काउंटरवर ठेवताना हात जरा जास्तच जपून खाली आणायची. त्यांच्याविषयी सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मकसूदचे वडील इस्माईलसाब गंजगोलाईत एका कापडदुकानाच्या पायरीवर बसून रफू करायचे. कोटाला उंदरानं भोक पाडलेलं असो की विडीनं, इस्माईलसाब त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून दोरे उसवून घ्यायचे आणि भोक असं भरायचे की मालकालाही ते सापडत नसे. त्यांचे नियम दोनच. बाहेरचा दोरा घालायचा नाही आणि गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावायची नाही. मकसूदला लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा, सुईत दोरा ओवता येईना. मग तो रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला शिकला, पुढे कॅसेटी भरून द्यायला लागला. वडिलांची सुई त्यानं घेतली नाही, नियम तेवढे घेतले.

भूकंप झाला त्या पहाटे आम्ही सगळे लातूरकर अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर उभे होतो. आमची घरं हलली आणि उभी राहिली. औसा, निलंग्याकडची गावंच्या गावं राहिली नाहीत. पुढे काही महिन्यांनी तिकडची माणसं मकसूदच्या दुकानी येऊ लागली. कुणी ढिगाऱ्यातून कॅसेट काढलेली, कुणाची शहरातल्या पाहुण्याकडे राहून गेलेली. आत कुठे भजन, कुठे लग्नातली गाणी, आणि त्यात मध्येच कुणाच्या तरी आईचा, भावाचा आवाज. मकसूद खोकी उघडून, माती झटकून, फिती नव्या खोक्यात चढवायचा.  

मग सीड्या आल्या, तशा त्याच कॅसेटी घेऊन तीच माणसं परत आली. घरी केलेल्या कॅसेटीत गाण्याच्या आधी बराच गलका असतो. भांडी वाजतात, पोर रडतं, कुणीतरी विचारतं चालू झालं का. बाकीचे रेकॉर्डिंगवाले तो गलका सरळ कापून टाकायचे. मकसूद कापायचा नाही, कात्री लावायची नाही म्हणून. गिऱ्हाइकं मात्र कुरकुरायची, की सीडी लावली की गाणं का लागत नाही. तेव्हा त्यानं एक युक्ती काढली आणि तो गलका सीडीतच बाजूला ठेवून द्यायला लागला. तो कुठे, ते त्या वेळी मला माहीत नव्हतं.

मकसूदची मुलगी हुमा नांदेडला इंजिनिअरिंगला गेली आणि सुट्टीत येऊन तिनं दुकानाच्या कॉम्प्युटरची साफसफाई केली. पोरांच्या पेनड्राइव्हमधून त्यात इतके व्हायरस आले होते की तो सुरू होईपर्यंत चहा होऊन जायचा. तिनं सगळं पुसून वेगळीच सिस्टीम घातली आणि सीडीतून आवाज काढायला एक प्रोग्रॅम दिला. त्याला ना बटण, ना चित्र. काळा पडदा, त्यावर हुकूम टाइप करायचा. मकसूद एका बोटानं टाइप करायचा आणि ते बोट प्रत्येक अक्षरावर आधी थोडं घिरट्या घालायचं.

त्या प्रोग्रॅमच्या नावातच संशयाचा रोग होता, असं हुमा म्हणाली. सीडीपॅरानोइया. तो सीडीवर विश्वासच ठेवत नाही. एक तुकडा वाचतो, पुन्हा वाचतो, दोन्ही जुळवून बघतो, आणि खात्री पटली तरच पुढं सरकतो. ओरखडा लागला की तिथंच ठाण मांडून बसतो. आणि काम चालू असताना ओळीच्या शेवटी एक तोंड काढतो. दोन टिंबं, रेघ, कंस, असं आडवं तोंड. सगळं ठीक असलं की ते हसतं. गडबड असली की सरळ होतं. ओरखडा लागला की रडतं. मकसूदला सगळ्या प्रोग्रॅममध्ये आवडलं ते एवढंच. "अब्बाबी असंच करायचे," तो म्हणायचा. "भोक मोठं असलं की तोंड आधी सांगायचं."

गुरुबसप्पा आले ते दिवाळी होऊन गेल्यावर, हुमाच्या शेवटच्या वर्षात. औसा तालुक्यातले, भूकंपानंतर वसवलेल्या गावात राहणारे, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात स्टीलचा डबा. डब्यात धुतलेला रुमाल, रुमालात सीडी. ती त्यांनी काउंटरवर ठेवली आणि आधी तिला हात जोडले.

"मकसूदभाई, हिला काय झालं बघा. पाळणा लागला की अडकून राहिली."

मकसूदनं सीडी उचलून उजेडात तिरकी धरली. चमकत्या बाजूला काठाशी तीन पांढुरके पट्टे होते आणि त्यांच्याभोवती गोल गोल बारीक ओरखडे.

"मामा, हे पांढरं काय हाय?"

"इभूत."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "सीडीला विभूती लावली?"

"तिचा फोटो न्हाई वो," गुरुबसप्पा माझ्याकडे वळून म्हणाले. "हुता त्यो घरासंगं गेला. दरसाली त्या दिवशी पूजा करतो. मग इभूत कुणाला लावायची?"

मी म्हटलं, लावायची तर दुसऱ्या बाजूला लावायची. ते म्हणाले, "तिकडं नाव हाय तिचं. नावावर कसं लावावं, पुसतंय की."

मकसूदनं सीडी उलटी केली. त्यानंच बारा-तेरा वर्षांपूर्वी मार्करनं लिहिलेलं नाव जसंच्या तसं होतं. महानंदा. बायकोचं ते नाव जपण्यासाठी या माणसानं दरवर्षी तिच्या आवाजावर राख घासली होती आणि ओल्या फडक्यानं गोल गोल पुसून परत डब्यात ठेवली होती. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"मूळची कॅसेट कुठं हाय?" मकसूदनं विचारलं.

"ती तर रिकामी झाली न्हवं का. तुम्हीच आवाज काढून हिच्यात घातला. मग फीत ज्वारीवर बांधली, पाखरं येऊ नयेत म्हणून. लई चांगली वाजायची वाऱ्यानं."

आमच्याकडे कॅसेटची फीत शेतावर ताणून बांधतात, वाऱ्यानं ती फरफरते आणि पाखरं उडतात, हे खरं आहे. पण आवाज एका खोक्यातून निघून दुसऱ्यात गेला, की पहिलं खोकं मोकळं होतं, हा हिशोब मी पहिल्यांदा ऐकला. मकसूदनं सीडी हळूच रुमालावर ठेवली. "हाव," तो म्हणाला. "मीच सांगाय पाहिजे होतं."

मग गुरुबसप्पांनी सगळं सांगितलं. ती कॅसेट त्यांच्या मुलीच्या, नीलाच्या बारशाची. त्यांची बहीण साखराबाई लातुरात दिलेली, ती नवऱ्याचा टेपरेकॉर्डर घेऊन बारशाला गावी आली होती. महानंदाचा गळा गोड म्हणून बायांनी बाळंतिणीलाच गायला बसवलं. कार्यक्रम झाल्यावर साखराबाई कॅसेटसकट लातूरला परत गेली, म्हणून कॅसेट वाचली. त्यानंतर महिनाही झाला नाही तोच भूकंप. गुरुबसप्पा शेतावर निजलेले होते. तान्ही नीला बाजेखाली जिवंत सापडली. महानंदा त्याच बाजेवर होती.

आता नीलाला मुलगी झाली होती, पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती, आणि रविवारी बारसं होतं. बारशाला पाळणा म्हणायचा तो आजीनं, म्हणजे बाळंतिणीच्या आईनं पुढं होऊन.

"नीली म्हणती, पाळणा माझ्या आईनंच म्हणावा," गुरुबसप्पा म्हणाले. "दुसरं कायबी मागितलं न्हाई पोरीनं आजवर. आईचा आवाज ह्याच्यातच ऐकला तिनं. आन म्या त्यो घासून काढला."

हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं आणि बाकड्यावर बसून राहिले. मकसूदनं विचारलं, की गाणाऱ्या बायांत मामीचा आवाज ओळखायचा कसा.

"सगळ्यांत चढा त्यो तिचा. गाण्यातच चढा. घरात न्हाई. घरात मला 'ऐकलं का' म्हणायची, तेबी भिंतीकडं बघून. लग्नात बायांनी नाव घे, नाव घे म्हणून लई ओढाताण केली, पर घेतलं न्हाई तिनं. चुलीपशी जाऊन बसली. पुढंबी कदी न्हाई."

मकसूद कामाला लागला. साबणाच्या पाण्यात सीडी धुतली आणि वडिलांच्या रफूच्या पेटीतला मलमलचा तुकडा काढून भोकाकडून काठाकडे सरळ सरळ टिपली. गोल पुसलं की ओरखडा गाण्याच्या वाटेनंच जातो, आडवा गेला तर निभावतं, असं त्यानं हातांनी करून दाखवलं. गुरुबसप्पा ते बघत होते आणि बघताना त्यांचा हात आपोआप हवेत गोल फिरला. मग त्यांनी तो मांडीखाली धरून ठेवला.

पहिली दोन-तीन गाणी सरळ निघाली. ती देवाची गाणी, सीडीच्या आतल्या भागात. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. पाळणा शेवटचा, म्हणून काठाशी, बरोबर विभूतीच्या बोटांखाली. पडद्यावरचं तोंड हसत हसत तिथवर आलं, सरळ झालं आणि रडायला लागलं.

"काय झालं?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"तिथं अडलंय, मामा. थांबू या."

गुरुबसप्पा बहिणीकडे मुक्कामाला राहिले आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन बसू लागले. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण ते तोंड त्यांना कळायला लागलं. पोरं लेक्चरं भरायला यायची, काउंटरवर ओठंगायची, आणि त्यांच्या मधून मान काढून म्हातारा विचारायचा, "हासलं का त्ये?" मकसूद म्हणायचा, "अजून न्हाई." लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर ओरडायला लागला की आमची धावपळ. मी माझं झेरॉक्स मशीन बंद ठेवून त्याला माझ्या इन्व्हर्टरची लाइन दिली. परीक्षेचे अर्ज घेऊन आलेली पोरं माझ्या नावानं खडे फोडत परत गेली. मला त्याचं काही वाटलं नाही, एरवीही ती फोडतातच.

पहिला ड्राइव्ह तापून बसला. मग मकसूदनं भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरचा जुना, संथ ड्राइव्ह लावला. जुन्या ड्राइव्हला ओरखड्यांतून वाट काढायची सवय असते म्हणे. त्यानं हुकूमही बदलला, की काही झालं तरी गाळून पुढं जायचं नाही. मग तो प्रोग्रॅम आणि तो ओरखडा समोरासमोर बसले. ड्राइव्ह घरघरायचा, थांबायचा, मागं जायचा, परत घरघरायचा. मकसूद हिशोबाचं, पोरांचं, सगळं करत होता, पण त्याचा एक कान तिकडे होता.

पाळणा निघाला, पण सबंध नाही. आमच्याकडचा पाळणा दिवसादिवसांचा असतो, पहिल्या दिवशी अमुक झालं, दुसऱ्या दिवशी तमुक. त्यातल्या दोन दिवसांची कडवी गेली होती. तिथं प्रोग्रॅमनं शेवटी हात टेकले होते, आणि तेवढं गाळून पुढं जायचा हुकूम मकसूदला द्यावा लागला होता.

मी म्हटलं, "चाल तर एकच आहे. दुसरी कडवी उचल आणि तिथं बसव."

"मग पाचव्या दिवसाच्या जागी तिसरा दिवस येईल, व्यंकटराव. बायांना कळणार न्हाई होय? ते ठिगळ झालं." तो पडद्याकडे बघत राहिला. "दोरा त्याच कापडातला पाहिजे. बाया गाण्याच्या आधी म्हणून बघतात. एकमेकींना विचारतात, पाचव्या दिवसाचं काय हाय गं. कुठं तरी ते असंल तर..."

आणि तो मध्येच थांबला. त्यानं सीडीवरच्या गाण्यांची यादी मागवली. कुठलं गाणं कुठे सुरू होतं याचे नुसते आकडे. पहिलं गाणं शून्यावर सुरू होत नव्हतं. त्याच्या आधी बरीच जागा होती.

त्यानं नांदेडला हुमाला फोन लावला. "बेटा, पहिल्या गाण्याच्या आधीचं काढायचं तर काय टाइप करू?"

"गाण्याच्या आकड्याच्या जागी शून्य, अब्बा. पण तिथं कोण काय ठेवतं?"

"मी ठेवायचो," मकसूद म्हणाला.

तर गलका तो तिथं ठेवायचा. पहिल्या गाण्याच्या आधी जी जागा असते, तिथून कुठलाच प्लेअर वाजवायला सुरुवात करत नाही, थेट पहिल्या गाण्यावर जातो. मागं जायचं बटण दाबून धरलं तर ऐकू येतं, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा आणि प्रत्येक गिऱ्हाईक मान डोलावून घरी जाऊन विसरायचं. इतक्या सीड्या केल्या की महानंदाच्या सीडीत काय ठेवलं ते तोही विसरला होता.

त्यानं शून्य टाइप केलं. ती जागा अगदी आत, भोकाजवळ. तिथं ना विभूती पोचली होती ना फडकं. तोंड सुरुवातीपासून हसलं आणि शेवटपर्यंत हसत राहिलं. गुरुबसप्पा तेव्हा साखराबाईकडे जेवायला गेले होते. मकसूदनं कानाला हेडफोन लावला आणि पाचव्या दिवसाचं कडवं शोधत ऐकू लागला. मी समोर उभा. थोड्या वेळानं त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि हेडफोन काढून ठेवला.

"सापडलं कडवं?"

"न्हाई."

"मग काय आहे?"

"ते मामांचं हाय," तो म्हणाला. मी हेडफोनकडे हात नेला तर त्यानं तो ड्रॉवरमध्ये टाकला. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यानं मला पहिल्यांदाच काही नाकारलं. मला राग आला, आणि मी तो दिवसभर जपला.

गुरुबसप्पा जेवून आले तेव्हा त्यानं त्यांना खरं ते सांगितलं. "मामा, पाळणा पुरा न्हाई भरला. दोन दिवस गेले. पर सीडीत दुसरं काही तरी हाय. ते इथं दुकानात ऐकायचं न्हाई. बायांनी बारशात म्हटलंय, बारशातच ऐकावं. रविवारी मीच घेऊन येतो."

गुरुबसप्पांनी ऐकलं ते फक्त दोन दिवस गेले एवढंच. त्यांनी डबा बंद केला. "नीलीला काय सांगू?" ते म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता रुमाल खांद्यावर टाकून निघाले. त्यांच्या पाठीकडे बघून माझा राग मकसूदवरून उठला आणि कुणावर बसवावा ते मला कळेना.

रविवारी मकसूदनं दुकान बंद ठेवलं, मांडीवर स्पीकर घेतला आणि मला म्हणाला, "चला, तुम्हालाबी ऐकायचंय ना." आम्ही औशाच्या जीपमधून गेलो. ते नवं गाव सरळ रेघेतलं. एकसारखी घरं, एकसारखे रस्ते, कुठल्या घरी बारसं आहे ते मांडवावरून ओळखायचं. मांडवात पुरुष बसलेले, आत बाया. घुगऱ्यांची परात मध्ये. नवी साडी गुंडाळलेला पाळणा खोलीच्या मधोमध, आणि त्याच्या शेजारी नीला. बाजेखालून निघालेली ती तान्ही आता एकवीस वर्षांची बाळंतीण होती. तिनं मकसूदला नमस्कार केला. "चाचा, दोन दिवस गेले ते जाऊ द्या," ती म्हणाली. "बाकीचे तर हायत ना."

आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगून झाल्यावर मकसूदनं खिडकीत ठेवलेला स्पीकर लावला. बायांची गलबल थांबली. आधी टाळ्यांचा ठेका, मग सगळ्यांत चढा तो आवाज. नीलानं पाळण्याची दोरी धरली आणि ओढायला लागली. पहिला दिवस झाला, दुसरा, तिसरा, चौथा. मग आवाज गेला. मकसूदनं तिथं काही भरलं नव्हतं. ती जागा जशी होती तशी मोकळी सोडली होती.

नीलाची दोरी क्षणभर थांबली. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या साखराबाईनं, जिनं ती कॅसेट भरली होती तिनं, पाचव्या दिवसाचं कडवं उचललं. थरथरत उचललं, पण सुरात. मागून बाकीच्या बाया आल्या. सहावा दिवसही त्यांनीच म्हटला. सातव्या दिवशी महानंदाचा आवाज परत आला तेव्हा तिला सगळ्या बाया तिथंच, ठेक्यात भेटल्या. नीला रडत होती आणि दोरी ओढत होती. मी दारापाशी उभा होतो, आणि मला खूप बरं वाटलं, हे सांगून टाकतो.

मला वाटलं, झालं. मकसूद मात्र नीलाजवळ गेला आणि हळू म्हणाला, "बेटी, अजून एक हाय. अप्पांना बोलव."

गुरुबसप्पा मांडवातून आले आणि बायांत कसं यायचं म्हणून उंबऱ्यापाशीच थांबले. हातात घुगऱ्यांचा द्रोण होता. पाळणा त्यांनी बाहेरूनच ऐकला होता.

मकसूदनं बटण दाबलं. आधी भांडं पडल्याचा आवाज. मग तान्ह्या पोराचं रडणं. "ती तूच गं नीले," खोलीतलं कुणीतरी म्हणालं. मग स्पीकरमधून एक तरणी बाई म्हणाली, "चालू झालं का गं ते?" आणि भिंतीपासची म्हातारी साखराबाई दचकून म्हणाली, "म्याच हाय की ती." मग आठ-दहा बायांचा गलका. नाव घे. नाव घे महानंदा. लग्नात सुटलीस, आज सोडत न्हाई.

आणि मग तो आवाज, चढा नसलेला, घरातला. "न्हाई जी. भायेर हायती ते."

"न्हाईत. साखर आणाय धाडलंय त्यास्नी. घे बिनघोर."

थोडा वेळ नुसती फीत सरकल्याची खरखर. बांगड्या वाजल्या. पोर रडायचं थांबलं.

"ताटात घुगऱ्या, वर साखरेचे खडे, गुरुबसप्पांचं नाव घेते पाळण्याच्या पुढे."

"ओ," गुरुबसप्पा म्हणाले.

ते मोठ्यानं म्हणाले. कुणी हाक मारल्यावर बाहेरून देतात तशी, आलोच म्हणणारी ओ. स्पीकरमध्ये बाया हसत होत्या. खोलीत कुणी हसलं नाही. त्यांच्या हातातला द्रोण कलला होता आणि घुगऱ्या उंबऱ्यावर सांडत होत्या, ते त्यांना कळत नव्हतं.

नीला उठली. एरवी बाळंतीण अशी मध्येच उठत नाही. ती वडिलांजवळ गेली, त्यांच्या हातातला द्रोण काढून घेतला आणि मकसूदला म्हणाली, "चाचा, परत लावा."

मकसूदनं परत लावलं. भांडं पडलं, पोर रडलं, बाया मागं लागल्या, आणि तिनं परत नाव घेतलं. गुरुबसप्पांनी परत ओ दिली, या वेळी हळू, तिला ऐकू जाईल एवढीच.